चालू कामं ३४, माणसं ७

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

मी एका सॉफ्टवेअर टीमची लीड आहे. पाच डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी. आधी आम्ही दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामांची यादी आधी ठरवून तेवढ्या मुदतीत ती संपवायची) करायचो, पण मध्येच सपोर्टची कामं यायची आणि प्रत्येक स्प्रिंट कोलमडायचा. म्हणून सात महिन्यांपूर्वी मीच पुढाकार घेऊन कानबान बोर्ड सुरू केला: प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे जाईल तसं ते एका टप्प्याच्या कॉलममधून पुढच्या कॉलममध्ये हलवायचं. सुरुवातीला सगळे खूश होते. आज बोर्डवर ११ कॉलम आहेत आणि ३४ कार्डं चालू आहेत. आठवड्याला साधारण १० कार्डं संपतात, तरी ज्याला विचारावं त्याचं काम अडकलेलंच असतं. लोक वेळेवर कार्डं हलवत नाहीत. सर्वांत सीनियर सहकारी आठवडाभराचं सगळं शुक्रवारी संध्याकाळी एकदम अपडेट करतात. त्यांचं म्हणणं, "बोर्ड मॅनेजरसाठी आहे, माझं काम कोडमध्ये दिसतं." मॅनेजर रोज बोर्ड उघडतात आणि कुणाच्या नावावर एकच कार्ड दिसलं की विचारतात, "याच्याकडे एवढंच काम?" शिवाय प्रत्येक कामाची तारीख मागतात. आम्ही ती देतो आणि ती चुकते. सगळे कोड रिव्ह्यू, म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड तपासणं, मीच करते, बहुतेक वेळा रात्री. टीमला शिस्त कशी लावू? बोर्ड अपडेट केला नाही तर काही दंड ठेवावा का? टूल बदलावं का? की मुकाट्याने स्प्रिंटकडे परत जावं? लोक किती उशिरा अपडेट करतात ते कळावं म्हणून एका कार्डाचा इतिहास सोबत जोडते आहे.

उत्तर

तुमच्या पत्रापेक्षा सोबतच्या त्या इतिहासावरच माझा जास्त वेळ गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कार्ड साधंच आहे: इनव्हॉइसच्या पीडीएफमध्ये कराची रक्कम चुकीची गोल होते. ३ तारखेला ते "डेव्हलपमेंट"मध्ये आलं. ५ तारखेला "रिव्ह्यूसाठी तयार"मध्ये गेलं. ११ तारखेला रिव्ह्यू झाला आणि दोन बदल सुचवले गेले. तोवर कोड लिहिणारा दुसऱ्या दोन कामांत शिरलेला होता, त्यामुळे ते बदल व्हायला १४ तारीख उजाडली. १५ ला कार्ड "टेस्टिंगसाठी तयार"मध्ये पोहोचलं. टेस्टरने ते २१ ला उघडलं आणि २२ ला पास केलं. रिलीज झालं २६ ला. एकूण २३ दिवस. अपडेट उशिरा होतात म्हणता, तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे धरू. आता या २३ दिवसांत त्या कार्डाला माणसाचा हात किती लागला? कोड लिहायला दोन दिवस, रिव्ह्यूला एखादा तास, बदलांना अर्धा दिवस, टेस्टिंगला एक दिवस. चार दिवससुद्धा भरत नाहीत. बाकीचे १९ दिवस ते कार्ड नुसतं बसून होतं.

तुम्ही हा इतिहास बेशिस्तीचा पुरावा म्हणून पाठवलात. मला त्यात बेशिस्त दिसली नाही, रांग दिसली. उद्यापासून सगळ्यांनी तासातासाला कार्डं हलवली, तरी हे कार्ड २३ दिवसच घेईल. फक्त ते कुठे बसून आहे हे आपल्याला जास्त अचूकपणे कळेल. म्हणून "शिस्त कशी लावू" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. कार्डं उशिरा हलतात ही तुमची खरी अडचण नाही. एकाच वेळी फार कामं सुरू झालेली आहेत, ही अडचण आहे.

एक गोष्ट लिहिताना मला थोडं जड जातंय, पण ती टाळली तर हे उत्तर प्रामाणिक राहणार नाही. ५ ते ११ तारखेपर्यंत ते कार्ड तुमची वाट बघत होतं. तुम्ही आळस करता असा याचा अर्थ अजिबात नाही. रात्री जागून रिव्ह्यू करणाऱ्या माणसाला आळशी कोण म्हणेल? पण पाच जणांचा कोड एकाच व्यक्तीतून जाणार, आणि तीही मीटिंगा, सपोर्ट आणि मॅनेजरची उत्तरं सांभाळून, तर तिथे रांग लागणारच. टीममधला दुसरा अरुंद भाग म्हणजे टेस्टर. १५ ते २१ कार्ड तिथे थांबलं होतं. या दोन जागा मोकळ्या केल्याशिवाय बाकी कुठेही कितीही जोर लावला, तरी वेग वाढणार नाही.

यामागे एक साधं गणित आहे, ते टीमलाही दाखवा. जॉन लिटल या संशोधकांनी १९६१ साली ते सिद्ध केलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामं पडून आहेत, त्यांना ती कामं संपण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला सरासरी किती वेळ लागतो ते मिळतं. तुमच्याकडे ३४ कामं चालू आहेत आणि आठवड्याला १० संपतात. ३४ भागिले १०, म्हणजे ३.४ आठवडे, साधारण २४ दिवस. तुमच्या कार्डाला २३ दिवस लागले. म्हणजे ते अपवाद नव्हतंच, तुमच्या बोर्डचं ते नेहमीचं कार्ड होतं. आता संपण्याचा वेग आहे तेवढाच धरा, कुणी एक तासही जास्त काम करायचं नाही. फक्त चालू कामं ३४ ऐवजी १५ ठेवायची. दीड आठवडा, म्हणजे दहा-अकरा दिवस. हे गणित बऱ्यापैकी स्थिर चाललेल्या व्यवस्थेला आणि सरासरीलाच लागू पडतं, एकेका कार्डाचं भविष्य ते सांगत नाही. पण दिशा कोणती, हे त्यातून स्पष्ट कळतं. नवीन काम सुरू केल्याने आधीचं काम लवकर संपत नाही, लांबतं.

कानबान मुळात याच विचारातून आलं, आणि सॉफ्टवेअरमध्ये येता येता नेमकी हीच गोष्ट वाटेत सांडते. कानबान हा जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओहनो यांनी ही पद्धत रुजवली. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने फळीवरून वस्तू उचलली की तेवढीच परत भरतात, यावरून त्यांना ती सुचली, आणि १९५३ च्या सुमारास त्यांच्या मशीन शॉपमध्ये ती वापरात आली. तिथे पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला सुटे भाग लागले की कार्ड मागच्या टप्प्याकडे जायचं, आणि कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवीन भाग करायचे नाहीत. कार्डं मोजकीच असायची. ती संख्या हीच मर्यादा. आपल्या टूलमध्ये मात्र "नवीन कार्ड" हे बटण कुणालाही, कितीही वेळा दाबता येतं. कार्ड आपण घेतलं आणि मोजकेपणा कारखान्यातच राहिला. मग बोर्ड म्हणजे कामांची एक मोठी, रंगीत यादी होऊन बसतो.

आता ३४ कामं सुरू का झाली, ते बघू. तुमच्याच पत्रात उत्तर आहे. मॅनेजर विचारतात, "याच्याकडे एवढंच काम?" हा प्रश्न दोनदा ऐकला की कुठलाही शहाणा माणूस तिसऱ्यांदा ऐकायची वेळ येऊ देत नाही. आपल्या नावावर चार-पाच कार्डं ओढून ठेवतो. एक खरं चालू, बाकीची "चालू" कॉलममध्ये पडून. तुमची टीम बोर्डला फसवत नाहीये. बोर्ड ज्या गोष्टीचं बक्षीस देतो, तीच ती करते आहे. बोर्डवर माणसं मोजली जातात, म्हणून माणसं स्वतःला भरलेलं दाखवतात.

तुमचे सीनियर सहकारीही याच नजरेने बघावेत असं मला वाटतं. ते शुक्रवारी सगळं एकदम भरतात, कारण तो बोर्ड त्यांच्या लेखी टाइमशीट आहे, आणि टाइमशीट शुक्रवारीच भरतात. "बोर्ड मॅनेजरसाठी आहे" या त्यांच्या वाक्यावर तुम्ही रागावलात, पण आजच्या घडीला ते वाक्य खरं आहे. त्यांना शिस्त शिकवायला जाऊ नका. त्यांच्याशी निवांत बसा आणि विचारा, "यातले कोणते कॉलम काढून टाकले तर तुम्हाला फरक पडणार नाही?" माझा अंदाज आहे की ते झटक्यात पाच-सहा दाखवतील, आणि त्यातले बहुतेक बरोबर असतील. बोर्ड नव्याने मांडण्यात त्यांचा हात लागला, तर तो त्यांचाही होईल. दंडाचा विचार तर मनातून काढूनच टाका. दंडाने कार्डं हलतील, पण ती खोटी हलतील, आणि खोट्या बोर्डपेक्षा जुना बोर्ड परवडला.

आता करायचं काय ते सांगतो. सगळं एका दिवसात करू नका.

पहिलं, चालू कामं कमी करा. त्यासाठी एक दुपार काढा, सगळ्यांना बसवा आणि ३४ च्या ३४ कार्डांवरून जा. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारायचा: गेल्या तीन दिवसांत याला कुणाचा हात लागला का? लागला नसेल तर ते खरोखर चालू नाही. ते परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे अजून सुरू न केलेल्या कामांच्या यादीत ठेवा, नाहीतर चक्क बंद करा. अर्धवट लिहिलेला कोड ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळा जपून ठेवलेला असतो, तो कुठे पळून जात नाही. "रिव्ह्यूसाठी तयार" आणि "टेस्टिंगसाठी तयार"मधली कार्डं मात्र मागे नेऊ नका. ती आधी संपवायची, नवीन काहीही उचलण्याआधी. या एका दुपारी ३४ ची १८-२० झाली तर मला नवल वाटणार नाही.

मग विप लिमिट, म्हणजे हातातल्या कामांची मर्यादा. आकडा नेमका किती हवा यावर वाद घालत बसू नका, पहिला आकडा चुकणारच असतो. सात माणसं आहेत, तर डेव्हलपमेंटला पाच, रिव्ह्यूला तीन, टेस्टिंगला तीन असं काहीतरी धरा. "तयार" नावाचे थांब्याचे कॉलमसुद्धा याच मर्यादेत मोजा, नाहीतर रांग तिथे जाऊन लपेल. मर्यादा भरली असेल तर त्या कॉलममध्ये नवीन कार्ड येणार नाही. मग ज्या डेव्हलपरचं काम झालंय त्याने काय करायचं? खरी परीक्षा इथेच आहे. त्याने बोर्डच्या उजवीकडे बघायचं आणि अडलेलं कार्ड पुढे सरकवायला मदत करायची. कुणाचा रिव्ह्यू करायचा, टेस्टरला टेस्ट डेटा तयार करून द्यायचा, रिलीजच्या नोट्स लिहायच्या. हे काहीच जमत नसेल तर आपल्या कामाच्या स्वयंचलित चाचण्या लिहायच्या, किंवा काही काळ नुसतं वाचत बसायचं. हो, बसायचं. नवीन काम सुरू करून रांग लांबवण्यापेक्षा ते बरं.

या "बसायचं"वरच बहुतेक टीम अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तिथे टेस्टिंगच्या कॉलममध्ये एका वेळी १९ कार्डं साठली होती आणि टेस्टर एकच होती. आम्ही तिथे चारची मर्यादा घातली. पहिल्या आठवड्यात दोन डेव्हलपर खरोखर रिकामे झाले आणि त्यांना ते सहन होईना. तिसऱ्या दिवशी त्यातला एक टेस्टरच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. दर वेळी नवीन खातं उघडणं, त्यात जुने व्यवहार भरणं, तारखा मागे नेणं, यातच तिची सकाळ जाते हे त्याने पाहिलं. कार्ड तपासण्याआधीच तिचे दीड-दोन तास जात होते. त्याने दुपारपर्यंत एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, एक कमांड दिली की सगळा डेटा तयार. ती वर्षभर हे हाताने करत होती आणि आम्हा कुणालाही माहीत नव्हतं, कारण आम्ही सगळे आपापल्या पुढच्या कार्डात डोकं घालून होतो. मर्यादा नसती तर तो त्या खुर्चीवर कधी बसलाच नसता.

टेस्टर कायम कामात असायलाच हवी, ही समजूतही तपासून बघा. रांगेच्या शास्त्रातलं सर्वांत साधं प्रारूप घ्या: एकच काउंटर, कामं केव्हाही येतात, कधी छोटी कधी मोठी. काउंटरवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल, तर एका कामाला रांगेत थांबावं लागतं ते स्वतः त्या कामाला लागणाऱ्या वेळाच्या सरासरी चौपट. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्के असेल तर एकोणीसपट. तुमची टीम या प्रारूपात तंतोतंत बसणार नाही, पण वळण तसंच असतं. एक दिवसाच्या टेस्टिंगसाठी सहा दिवस थांबलेलं कार्ड तुम्हीच मला पाठवलंय.

रिव्ह्यूबद्दल माझं मत ठाम आहे: सगळे रिव्ह्यू तुम्ही करणं थांबवा. दर्जा घसरेल ही भीती मी समजू शकतो. पैशांचा हिशोब, लॉगिन, डेटाबेसची रचना अशा दोन-तीन नाजूक जागा स्वतःकडे ठेवा आणि बाकीचे रिव्ह्यू डेव्हलपरांनी एकमेकांचे करावेत. सीनियर सहकाऱ्यांना यात मोठा वाटा द्या. त्यांची नजर कोडवर आहे असं तेच म्हणतात, मग ती इतरांच्या कोडवरही पडू दे. बदल छोटे ठेवायची सवय लावा. हजार ओळींचा बदल कुणीच लगेच उघडत नाही, शंभर ओळींचा उघडतो. आणि रोज सकाळी स्वतःचं काम सुरू करण्याआधी थांबलेला एक रिव्ह्यू करायचा, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तरी तुमच्या रात्री मोकळ्या होतील.

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, आळीपाळीने "मी काल काय केलं" बंद करा. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. रिलीजच्या सर्वांत जवळ असलेल्या कार्डापासून सुरुवात, आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न: हे पुढे जायला काय हवं? माणसाचं नाव घ्यायचं ते मदत कोण करणार हे ठरवताना. कार्डावर ते किती दिवसांपासून चालू आहे तो आकडा दिसू द्या. १२ दिवसांचं कार्ड आणि २ दिवसांचं कार्ड बोर्डवर सारखंच दिसत असेल, तर जुनं कार्ड नजरेआड होतं.

"ब्लॉक्ड" नावाचा कॉलम तुमच्या ११ मध्ये नक्की असेल. तो काढा. अडलेलं कार्ड तिकडे टाकलं की मर्यादेतली जागा मोकळी होते, माणूस नवीन काम उचलतो आणि अडलेल्याला कुणी वाली राहत नाही. कार्ड जिथे अडलंय तिथेच राहू द्या, त्यावर लाल खूण करा आणि कशासाठी, कुणाकडे अडलंय ते लिहा. जागा अडून राहिली की ते सोडवायची घाईही आपोआप होते.

सपोर्टच्या तातडीच्या कामांसाठी वर एक वेगळी पट्टी ठेवा, आणि तिच्यात एका वेळी एकच कार्ड. दुसरं "तातडीचं" आलं तर पहिलं संपेपर्यंत थांबेल, किंवा दोन्हींपैकी जास्त तातडीचं कोणतं हे मागणाऱ्याने ठरवायचं. सगळंच तातडीचं असतं तेव्हा तातडी ठरवायचं काम चुकून टीमवर येऊन पडतं. ते ज्याचं त्याला परत द्यायला हवं.

आता मॅनेजर. या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग तोच आहे, आणि तुम्ही तो टाळलात तर वर लिहिलेलं बाकी काहीच टिकणार नाही. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं, आणि हातात पाहण्यासारखं काही नसलं की माणूस जे दिसतं ते मोजतो. नावांपुढची कार्डं दिसतात, म्हणून ते नावांपुढची कार्डं मोजतात. त्यांना मोजायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल. मला पाठवलेला तोच इतिहास कागदावर उतरवून घेऊन जा. एक आडवी रेघ, त्यावर २३ दिवस. हात लागलेले दिवस भरीव, थांबलेले दिवस पोकळ. आणि साधारण असं म्हणा: "हे काम चार दिवसांचं होतं, आपल्याला २३ दिवस लागले. मधले १९ दिवस ते रांगेत होतं. चार आठवडे मला रांग कमी करून बघू द्या. तेवढे दिवस कुणाच्या नावावर किती कार्डं आहेत हे आपण बघायचं नाही. त्याऐवजी दर शुक्रवारी मी तुम्हाला दोन आकडे देईन, त्या आठवड्यात किती कामं संपली आणि प्रत्येकाला सुरू केल्यापासून किती दिवस लागले." चार आठवडे ही मुदत महत्त्वाची आहे. कायमचा बदल मागितला की माणूस आधी नाहीच म्हणतो, मुदतीचा प्रयोग मागितला तर बरेचदा हो म्हणतो.

तारखांचंही तसंच. आज तुम्ही प्रत्येक कामाला अंदाजाने एक तारीख देता आणि ती चुकते. संपलेली शेवटची २० कार्डं घ्या, प्रत्येकाला किती दिवस लागले ते लिहा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. सतराव्या क्रमांकावरचा आकडा बघा. समजा तो २७ आला. मग तुम्ही म्हणू शकता, "आपली १०० पैकी ८५ कामं सुरू केल्यापासून २७ दिवसांत संपतात." हा अंदाज कुणाच्या धाडसावर अवलंबून नाही, तुमच्याच इतिहासावर आहे. सुरुवातीला तो आकडा मोठा दिसेल आणि मॅनेजरांना आवडणार नाही. पण रांग कमी झाली की तो दर महिन्याला खाली येताना दिसेल, आणि तेच तुमचं सर्वांत मोठं समर्थन ठरेल. आणखी एक फायदा होईल. डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या एका देखभाल टीमसोबत हा विचार सॉफ्टवेअरमध्ये आणला, तेव्हा त्या टीमचा बराच वेळ येणाऱ्या मागण्यांना किती दिवस लागतील याचे अंदाज बांधण्यातच जात होता. ते अंदाज बांधणं थांबवणं हा तिथल्या पहिल्या बदलांपैकी एक होता. तुमच्याकडे तारखा काढण्यात आठवड्याला किती तास जातात, ते एकदा मोजून बघा.

स्प्रिंटकडे परत जावं का? तुमच्या कामाचा मोठा भाग कधीही येणारा सपोर्ट आहे, म्हणून मी तसं सुचवणार नाही. दोन आठवडे आधी ठरवलेली यादी तुमच्याकडे टिकणार नाही, हे तुम्ही अनुभवलेलं आहे. पण स्प्रिंटबरोबर तुम्ही एक चांगली गोष्टही टाकून दिलीत असं दिसतं. दर दोन आठवड्यांनी झालेलं काम मागणाऱ्यांना दाखवणं आणि टीमने मिळून मागे वळून बघणं. ते कानबानमध्येही चालतं, ते परत सुरू करा. ज्या टीमचं काम एकाच मोठ्या ध्येयाभोवती फिरतं आणि मध्ये फारसं काही येत नाही, त्यांना स्प्रिंट अजूनही छान चालतो. ते पत्र वेगळं असतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

टूल बदलू नका. जिरा या बोर्डच्या टूलमध्ये कॉलमला कमाल संख्या लावता येते, ती ओलांडली की कॉलम लाल होतो, पण कार्ड अडवलं जात नाही. अडवायचं काम माणसांनीच करायचं असतं, आणि ते कुठल्याही टूलमध्ये तसंच राहील. टूल बदलण्यात महिना जाईल आणि ३४ कार्डं तशीच्या तशी नवीन घरी राहायला जातील.

अवघड काय आहे तेही सांगतो. मर्यादा घातली की पहिले दोन आठवडे सगळ्यांना अस्वस्थ वाटेल. डेव्हलपर म्हणतील, टेस्टिंगला मदत करायला आम्ही आलो नव्हतो. त्यांच्यावर सक्ती करू नका, पण तुम्ही स्वतः एखादी सकाळ टेस्टरजवळ बसा, बाकीचे हळूहळू येतात. दुसरं, येणारी कामंच जर आठवड्याला १४ असतील आणि संपणारी १०, तर कुठलाही बोर्ड ते भागवू शकत नाही. बोर्डच्या डावीकडे ढीग वाढत जाईल. मर्यादेमुळे एवढंच होईल की तो ढीग टीमच्या डोक्यात न राहता सगळ्यांना दिसेल अशा जागी राहील, आणि काय करायचं नाही हे कुणाला तरी ठरवावं लागेल. तो निर्णय मागणी करणाऱ्यांचा आणि मॅनेजरांचा आहे, तुमच्या रात्रींचा नाही.

मॅनेजर कशालाच तयार झाले नाहीत, असंही होऊ शकतं. तरी काही गोष्टींना त्यांची परवानगी लागत नाही. रिव्ह्यू वाटून देणं, स्टँडअप उजवीकडून सुरू करणं, "ब्लॉक्ड" कॉलम काढणं आणि स्वतःच्या हातात एका वेळी दोनच कामं ठेवणं, हे सगळं तुमच्या अखत्यारीत आहे. तेवढ्यानेही ती ५ ते ११ ची फट अर्धी व्हायला हवी.

पुढच्या सोमवारी रिव्ह्यू वाटून देण्यापासून सुरुवात करा. तुमच्याच हातून रांग कमी होताना टीमने पाहिलं, तर तुम्ही मर्यादेबद्दल बोलायला उभ्या राहाल तेव्हा ती तुमचं ऐकेल. चार आठवड्यांनी असंच आणखी एक साधं कार्ड घ्या, त्याच्या तारखा लिहून काढा आणि मला पाठवा. यावेळी कोण उशिरा अपडेट करतं ते लिहू नका, कार्ड कुठे आणि किती दिवस थांबलं तेवढंच लिहा.